भावाने अमेरिकेतून फाईल केली आहे, पुढे काय? नात्याच्या आधारे स्थलांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकाच्या आधारे तिकडे जाता येतं का, कोणाला, आणि कधी, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न अमेरिकेबद्दलच असतात, म्हणून भरही तिच्यावरच आहे. इंग्लंड-कॅनडा प्रश्न १६ मध्ये, गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टबद्दल प्रश्न १७ मध्ये. रांगेच्या तारखा दर महिन्याला हलतात. इथल्या तारखा २०२५ सालच्या आहेत. हे पान वाचून थेट निर्णय घेऊ नका, कागद एखाद्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

१. माझा सख्खा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे. तो मला बोलावू शकतो का?

हो. भाऊ किंवा बहीण नागरिक असेल आणि तिचं वा त्याचं वय २१ पूर्ण असेल तर आय-१३० हा अर्ज भरता येतो. याला आपल्याकडे सगळे 'फाईल करणं' म्हणतात. एका फाईलमध्ये तुम्ही, तुमची पत्नी किंवा पती, आणि २१ च्या आतली अविवाहित मुलं येतात. या वर्गाचं नाव एफ-४. अर्ज पोहोचतो ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतली तुमची जागा. २०२५ मध्ये भारतात जन्मलेल्यांसाठी २००६ सालच्या फाईली उघडत होत्या. म्हणजे हो, बोलावू शकतो. फक्त फाईल केली तेव्हा पहिलीत असलेला तुमचा मुलगा नंबर येईपर्यंत नोकरीला लागलेला असेल.

२. भावाकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. चालेल का?

भावंडांसाठी नाही चालत. ग्रीन कार्डधारक फक्त पती-पत्नी आणि अविवाहित मुलांसाठी फाईल करू शकतो. आई-वडील, भावंडं आणि विवाहित मुलं यांच्यासाठी नागरिकत्वच लागतं, आणि ते ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षांनी मिळतं.

नागरिकाचे पती-पत्नी, २१ च्या आतली अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना रांगच नाही, त्यांच्यावर वार्षिक मर्यादा नाही. बाकी सगळे रांगेत. आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांचा या कायद्यात थेट वर्गच नाही.

३. वीस वर्षं कशी काय लागतात? अर्ज तपासायला इतका वेळ?

अर्ज तपासण्यात वेळ जात नाही, रांगेत जातो. १९९० च्या कायद्याने एफ-४ साठी जगभरातून वर्षाला ६५,००० जागा ठरवल्या, आणि पत्नी-मुलंही त्यातच मोजली जातात. चौघांचं कुटुंब गेलं की चार जागा संपल्या. शिवाय कोणत्याही एका देशाला रांगेतल्या एकूण व्हिसांपैकी सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. या वर्गाच्या प्रतीक्षायादीत वीस लाखांहून अधिक लोक आहेत. भागाकार तुम्हीच करून पाहा. काही जण मधेच नाद सोडतात, काही वारतात, काही दुसऱ्या वाटेने पोहोचतात, म्हणून प्रत्यक्षात रांग त्या भागाकारापेक्षा थोडी बरी चालते. तरीही कॅलेंडरचं एक वर्ष उलटलं म्हणजे रांग एक वर्ष पुढे सरकली असं होत नाही. त्यामुळे आज फाईल करणाऱ्याने 'वीस वर्षं' हा आकडाही धरून चालू नये.

४. इतकी मोठी रांग होणार हे दिसत असताना भावंडांचा वर्ग ठेवलाच कशाला?

ही हकीकत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांना जवळपास पूर्ण दार बंद केलं होतं. १९४६ मध्ये भारतीयांसाठी ते किंचित उघडलं : वर्षाला १०० जण. १९६५ मध्ये देशवार कोटे रद्द करायचं ठरलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारच्या मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिलं स्थान होतं. प्रतिनिधिगृहातल्या इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांनी ते उलटवलं आणि कुटुंबाला वर आणलं. हिशेब सरळ होता : अमेरिकेत बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, म्हणजे नातेवाईकही युरोपातूनच येणार, आणि कोटे काढूनही देशाचा चेहरा तसाच राहणार. भावंडांच्या वर्गाला सर्वांत मोठा, २४ टक्के हिस्सा दिला गेला. कायद्याला गमतीने 'भाऊ-बहिणींचा कायदा'सुद्धा म्हटलं जाई.

पण युरोपातलं जीवनमान सुधारलं होतं. तिथल्या भावंडांना यायची फारशी घाई उरली नव्हती. त्याच कायद्यातल्या कौशल्याच्या वर्गातून भारतातले डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिकडे पोहोचले, पाच वर्षांनी नागरिक झाले आणि त्यांनी भावाबहिणींसाठी फाईली भरल्या. ज्या कलमाने आशियाई लोक बाहेर राहतील असं वाटलं होतं, त्याच कलमाने ते आत आले. कुटुंबाला वगळून स्थलांतराचा कायदा लिहिला काय किंवा कुटुंबावर भिस्त ठेवून लिहिला काय, पुढे ते कुटुंब कसं वागेल हे कायदा लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. या पानावरची बरीच उत्तरं याच गोष्टीची उदाहरणं आहेत.

५. शेजारच्या गुजराती कुटुंबातले सगळे भाऊ गेले. आमच्यात एकटा काकाच गेला. असं का?

नियम दोघांना एकच, पण पोहोचल्यावर काय, याचं उत्तर वेगळं होतं. भावंडांच्या वर्गात नोकरीची अट नाही, शिक्षणाची नाही. चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेल्या माणसाला तिथे दुसऱ्या दिवसापासून काम आणि डोक्यावर छप्पर लागतं. ज्यांचं मोटेल किंवा दुकान होतं, त्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी आयत्या होत्या : भाऊ आला की रिसेप्शनवर बसला, कुटुंब मागच्या खोल्यांत राहिलं, काही वर्षांनी त्याने स्वतःचं मोटेल घेतलं. अमेरिकेतल्या मोटेलांचा मोठा हिस्सा आज गुजराती कुटुंबांच्या हातात आहे तो याच साखळीतून.

मराठी माणसं तिकडे प्रामुख्याने शिक्षण आणि नोकरीच्या वाटेने गेली. पगारदार माणूस भावाला हमीपत्र देऊ शकतो, कामाला लावू शकत नाही. इथला भाऊही बँकेत किंवा सरकारी खात्यात, पेन्शनच्या वाटेवर. त्याला पन्नाशीत सगळं सोडून जाण्यात काय मिळणार? त्यामुळे आपल्यात फाईली भरल्या गेल्या, पण नंबर आल्यावर गेले त्यांपेक्षा 'आता कशाला' म्हणणारे मला जास्त भेटतात. आपल्याकडे नात्याचं जाळं वेगळ्या कामाला आलं : कोणतं विद्यापीठ, पहिला महिना कोणाकडे राहायचं, कोणत्या कंपनीत ओळख आहे. त्यासाठी फाईल लागत नाही. भाचा नेमका मावशी राहते त्याच राज्यातलं विद्यापीठ निवडतो, हेही नात्यामुळे झालेलं स्थलांतरच; सरकारी आकड्यांत मात्र त्याची नोंद 'विद्यार्थी' एवढीच.

६. मुलगा कितीतरी वर्षं अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, घर घेतलंय. तो आम्हाला का बोलावू शकत नाही?

कारण घर असलं तरी कायद्याच्या दृष्टीने तो अजून तात्पुरता आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचीही रांग आहे, आणि तिथे सात टक्क्यांची मर्यादा भारतीयांना सर्वांत जास्त नडते. २०२५ मध्ये ईबी-२ या वर्गात भारतात जन्मलेल्यांसाठी २०१२-१३ च्या सुमाराचे अर्ज चालू होते. आधी ग्रीन कार्ड, मग पाच वर्षांनी नागरिकत्व, मग आई-वडिलांची फाईल. साखळीची पहिली कडीच अडकली आहे.

तोवर आई-वडील बी-२ या व्हिजिटर व्हिसावर जातात. विमानतळावर बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, आणि त्या सहा महिन्यांभोवती घरांनी आपलं वेळापत्रक बांधलं आहे. बाळंतपणाला आधी मुलीची आई जाते, ती परतायच्या आठवड्यात सासूबाई उतरतात, मग बाळ वर्षाचं झालं की डे-केअर. ही दोन विहिणींची पाळी कोणत्या कायद्यात लिहिलेली नाही, पण ठरली ती कायद्यामुळेच. व्हिसाच्या मुलाखतीत काय होतं ते प्रश्न १२ मध्ये.

७. आई-बाबांना आधी बोलावलं आणि त्यांनी भावाची फाईल केली तर लवकर होतं, हे खरं का?

काही घरांत खरं आहे. नागरिक झालेल्या मुलीने आई-वडिलांसाठी अर्ज केला की त्यांना रांग नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावर ते आपल्या २१ वर्षांवरच्या अविवाहित मुलासाठी एफ-२बी वर्गात फाईल करू शकतात. तिथे २०२५ मध्ये २०१६ सालच्या तारखा चालू होत्या. भावंडांच्या रांगेपेक्षा निम्म्याहून कमी.

अटी दोन. मुलाने नंबर येईपर्यंत लग्न करायचं नाही (प्रश्न ८). आणि आई-बाबांनी खरोखर अमेरिकेत राहायला हवं. वर्षातून एकदा तोंड दाखवून परत आलं की ग्रीन कार्ड टिकतं ही समजूत चुकीची आहे : सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास चौकशी होते, आणि आगाऊ री-एंट्री परमिट न घेता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड गेल्यात जमा. सत्तरीच्या माणसांना एका मुलासाठी गाव, डॉक्टर, भजनी मंडळ, सगळं सोडून न्यू जर्सीत बसवायचं का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारला जात नाही. विचारायला हवा. म्हातारपणातला वैद्यकीय खर्चही आधी पाहा. मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायलासुद्धा नव्या ग्रीन कार्डधारकाला तिथे सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं.

८. मुलीचं लग्न ठरतंय. फाईलवर काय परिणाम होईल?

फाईल कोणाची आणि कोणी केली, त्यावर आहे.

भावाने किंवा बहिणीने तुमच्यासाठी केली असेल तर *तुमच्या* लग्नाने काही बिघडत नाही, जोडीदार फाईलमध्ये जोडला जातो. पण त्याच फाईलमध्ये आलेल्या तुमच्या मुलीचं लग्न झालं की ती बाहेर.

नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांनी अविवाहित मुलीसाठी फाईल केली असेल, तर लग्नानंतर ती एफ-१ मधून एफ-३ मध्ये सरकते. प्रायॉरिटी डेट तीच राहते, रांग मात्र लांबते. २०२५ मध्ये एफ-३ च्या तारखा २०११ च्या होत्या.

ग्रीन कार्डधारक आई-वडिलांनी केलेली फाईल लग्नाच्या दिवशीच आपोआप रद्द होते. नंतर घटस्फोट झाला तरी ती जिवंत होत नाही. सर्वांत जास्त रडारड इथेच होते, कारण 'नुसतं रजिस्टर करून ठेवू, बोलायचं नाही' असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. नोंदणी झालेलं लग्न मुलाखतीत लपवणं ही फसवणूक आहे आणि तिचे परिणाम कायमचे असतात.

९. नंबर येईल तेव्हा मुलगा २१ च्या पुढे गेलेला असेल. तो फाईलमधून सुटणार का?

यावर सर्वांत जास्त प्रश्न येतात, आणि उत्तर 'बहुतेक सुटेल, पण गणित करून पाहा' असं आहे.

२००२ मध्ये मुलांच्या वयाबद्दल एक कायदा झाला. एफ-४ सारख्या वर्गांत नंबर खुला होईल त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मुलाचं जे वय असेल, त्यातून तुमचा आय-१३० मंजुरीसाठी जितका काळ पडून होता तितका काळ वजा करायचा. उत्तर २१ च्या आत आलं तर तो तुमच्याबरोबर.

समजा फाईल २००६ ची, मंजुरी २०१० ची, म्हणजे अर्ज चार वर्षं पडून होता. नंबर आला तेव्हा मुलगा २४ वर्षं ६ महिन्यांचा. वजा चार, उरले २० वर्षं ६ महिने. तो बसला. तोच अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला असता, तर वय निघालं असतं २४ आणि मुलगा सुटला असता. म्हणजे ज्यांच्या फाईलला झटपट मंजुरी आली आणि ज्यांनी पेढे वाटले, त्यांच्याच मुलांचं नुकसान झालं. मंजुरीने नंबर लवकर येत नाही. तो प्रायॉरिटी डेटवरच येतो.

आणखी दोन गोष्टी. मुलगा अविवाहित असला पाहिजे. आणि नंबर खुला झाल्यापासून एका वर्षात त्याच्यासाठी पुढचा अर्ज किंवा शुल्क भरलं गेलं पाहिजे. 'आधी आम्ही जाऊ, त्याचं शिक्षण झाल्यावर बघू' म्हणणारे इथे फसतात.

सुटलाच, तर? तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याच्यासाठी एफ-२बी मध्ये नवी फाईल करायची, आणि तिची तारीखही नवी. आई-वडिलांची जुनी तारीख मुलाला मिळावी असा दावा काही कुटुंबांनी थेट सर्वोच्च न्यायालयात नेला होता. २०१४ मध्ये त्याचा निकाल कुटुंबांच्या विरुद्ध गेला. मग पुढची आठ-नऊ वर्षं मुलगा पुण्यात, लग्न थांबवून. ज्या मुलांच्या भविष्यासाठी म्हणून फाईल केली, तीच मुलं मागे राहतात आणि साठीला टेकलेले आई-बाप तिकडे जातात, असं अनेक घरांत झालं आहे.

१०. चुलतभाऊ आहे, पण आम्ही एकाच घरात वाढलो. तो सख्ख्यासारखाच आहे. फाईल करता येईल?

नाही. कायद्याला किमान एक समान आई किंवा वडील लागतात. सावत्र भाऊ-बहीण, म्हणजे वडील एक आणि आई वेगळी किंवा उलट, चालतात. नात्याचे पुरावे थोडे जास्त लागतात.

'मग काकाने पुतण्याला दत्तक घेतलं तर?' हा जोडप्रश्न लगेच येतो. साधारणतः १६ वर्षांच्या आत दत्तक आणि दोन वर्षं प्रत्यक्ष एकत्र राहणं व ताबा, अशी अट आहे. मूल भारतात राहत असेल आणि दत्तक घेणारा अमेरिकन नागरिक असेल तर हेग कराराची (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) पद्धतही लागू होते. अशा दत्तकाच्या आधारे पुढे ते मूल जन्मदात्या आई-वडिलांना बोलावू शकत नाही. कागदापुरतं दत्तक करू नका.

११. बहिणीचं लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, जन्मदाखलाही नाही. नातं सिद्ध कसं करायचं?

आपल्या रीतीमुळे हा घोळ घरोघरी आहे. माहेरची सुनीता वसंत कुलकर्णी सासरी स्नेहा प्रकाश देशपांडे होते. नाव, मधलं नाव, आडनाव, काहीच जुळत नाही, आणि अमेरिकन अधिकाऱ्याला मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे पाहून कळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला, त्यात किंवा राजपत्रात दोन्ही नावांचा उल्लेख, शिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असा पूल बांधावा लागतो.

जन्मनोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांची, आणि खेड्यांत नंतरच्याही अनेकांची, नोंद सापडत नाही. अशा वेळी महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. हे काम मामा-आत्या हयात आहेत तोवर उरकून घ्या. वीस वर्षांनी साक्ष द्यायला कोण असणार?

आणि ती १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली जन्मतारीख दाखल्यावर एक, पत्रिकेत दुसरी, पासपोर्टवर तिसरी. अशा तारखांमुळे दोन भावंडांचे जन्म कागदावर सहा महिन्यांच्या अंतराने लागलेली उदाहरणं आहेत, आणि तसं असलं की सख्खेपणावरच शंका येते. फाईल करण्याआधी सगळ्या भावंडांचे दाखले एका टेबलावर मांडून तारखा जुळवा. पिवळी पडलेली जुनी शिधापत्रिका, एकत्र कुटुंबाचा फोटो, वारसनोंदीतला फेरफार, यातलं काहीही टाकून देऊ नका. डीएनए चाचणीचा पर्याय असतो, पण भावंडांत ती आई-मुलाच्या चाचणीइतकी निर्णायक ठरत नाही.

१२. फाईल चालू असताना व्हिजिटर व्हिसा मिळतो का?

बंदी नाही. पण डीएस-१६० फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असा सरळ प्रश्न आहे आणि त्याला 'हो' लिहावंच लागतं. मग परत येणार आहात हे पटवण्याचं ओझं तुमच्यावर. निवृत्त, घर-शेती असलेल्या, पूर्वी जाऊन वेळेवर परतलेल्या माणसाला सहसा त्रास होत नाही. पंचविशीतल्या अविवाहित भाच्याला होतो. एच-१बी मध्ये ही अडचण नाही, तिथे कायमचं राहण्याचा हेतू चालतो.

मुक्काम उलटून राहू नका. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा अधिक राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी. हा नियम १९९६ च्या कायद्यातला. वीस वर्षं रांगेत थांबून नंबर आल्यावर ही बंदी आडवी आलेली कुटुंबं आहेत.

१३. भाऊ 'स्पॉन्सर' होतो म्हणजे त्याला नक्की किती पैशांची हमी द्यावी लागते?

आय-८६४ हे हमीपत्र म्हणजे करार असतो. उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावं लागतं, आणि कुटुंबसंख्येत त्याची स्वतःची माणसं, तुम्ही सगळे आणि पूर्वी हमी दिलेले सगळेच मोजले जातात. भावाचं उत्पन्न कमी पडलं, किंवा तो निवृत्त झाला असेल (वीस वर्षांत होतोच), तर तिथे राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोड-हमीदार होऊ शकतो. अमेरिकेतला चुलतभाऊ फाईल करू शकत नसला तरी इथे उपयोगी पडतो.

हमी तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाचे चाळीस तिमाही हप्ते जमा होईपर्यंत राहते. घटस्फोटाने संपत नाही. भावाने सही करायला वेळ लावला तर वहिनीला दोष देऊ नका. एवढी मोठी सही विचार करूनच करायची असते.

१४. फाईल करणारा भाऊ वारला. सगळं संपलं का?

नियमाप्रमाणे फाईल त्याच्याबरोबर संपते, पण दोन वाटा आहेत.

फाईल मंजूर झालेली असेल तर मानवतेच्या आधारावर ती पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते. मिळेलच असं नाही. त्यासाठी दुसरा हमीदार लागतो, आणि तो ठरावीक नात्यांतलाच हवा. वहिनी, दुसरा भाऊ, तिथे असलेली मुलगी किंवा जावई चालतात.

दुसरी वाट फारशी कोणाला माहीत नसते. भाऊ वारला तेव्हा फाईलमधलं कोणीतरी, उदाहरणार्थ तिथे शिकणारा तुमचा मुलगा, अमेरिकेत राहत असेल आणि पुढेही राहत असेल, तर फाईल वाचवण्याची वेगळी कायदेशीर तरतूद आहे आणि तिचा फायदा सगळ्यांना मिळू शकतो. तेराव्यानंतर नव्हे, लगेच वकिलाला विचारा.

१५. माझा जन्म नागपूरचा, पण नवऱ्याचा जन्म कुवेतचा. काही फरक पडतो?

पडतो. रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मस्थळावर ठरते, आणि पती-पत्नी एकमेकांचं जन्मस्थळ वापरू शकतात. वडील आखातात नोकरीला असताना मस्कत, कुवेत, बहरीनमध्ये जन्मलेली मराठी मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना भारताची रांग लागत नाही. एफ-४ मध्ये २०२५ साली हा फरक सुमारे एका वर्षाचा होता, पण नोकरीच्या ग्रीन कार्डात तो कितीतरी मोठा असतो. मुलांना आई-वडिलांचं जन्मस्थळ वापरता येतं, उलट मात्र नाही : मुलगी दुबईत जन्मली म्हणून तुम्हाला फायदा नाही.

१६. इंग्लंड किंवा कॅनडात हे सोपं आहे का?

इंग्लंडमध्ये भावंडांचा वर्गच नाही. जोडीदाराला आणायचं तर २०१२ पासून उत्पन्नाची अट आहे, आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला २९,००० पौंड झाली. आई-वडिलांसाठीचा वर्ग कागदावर आहे, पण अटी अशा की तो जवळपास बंदच समजा. ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्कर्सना (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना) कुटुंब नेता येईना, आणि जुलै २०२५ मध्ये तर परदेशातून त्यांची नवी भरतीच बंद झाली. आमची आई सांभाळायला या, तुमची मुलं नको, असा तो व्यवहार होता.

कॅनडात आई-वडील, आजी-आजोबांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे, पण निवड सोडतीने होत आली आहे. त्यापेक्षा सुपर व्हिसा व्यवहार्य ठरतो : एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आरोग्य विमा मात्र स्वतःचा. प्रश्न ६ मधली विहिणींची सहामाही पाळी तिथे लागत नाही.

१७. आम्ही गोव्याचे. आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट निघतो म्हणतात. हेही कुटुंबामार्फतच झालं ना?

हो, पण इथे तिकडे राहणाऱ्या भावाची गरज नाही, मृत आजोबाही चालतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्यात, दमणला किंवा दीवला जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगालमध्ये करून घेऊन मुलं-नातवंडं नागरिकत्व मिळवतात. पण बहुतेकांना लिस्बनमध्ये राहायचं नव्हतं. त्या पासपोर्टवर इंग्लंडला जाता येत असे, आणि तिथे नात्याचं जाळं कामाला आलं : स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत भाऊ होता म्हणून दुसरा भाऊ, मग मेव्हणा, मग गावातले शेजारी. ३१ डिसेंबर २०२० ला इंग्लंडमधली मुक्त ये-जा संपली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना आणि त्यांच्या तेव्हाच्या जवळच्या नातलगांना वेगळी योजना आहे. नंतर लग्न झालेल्या जोडीदाराला प्रश्न १६ मधले नियम.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट, मतदान, सरकारी नोकरी, सगळं जातं. एकाच घरात थोरला पोर्तुगीज आणि धाकटा भारतीय अशी वाटणी अनेक कुटुंबांनी विचारपूर्वक केली आहे. घर-बागायत पाहायला कोणीतरी इथला राहिला पाहिजे.

१८. नियम आणखी कडक केले तर हे सगळं थांबेल का?

माझं मत : थांबत नाही, वळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शेतीवर गेलेल्या पंजाबी पुरुषांना गावाकडून बायका आणता येईनात, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि इंपिरियल व्हॅलीत पंजाबी-मेक्सिकन घरं उभी राहिली. एप्रिल २०२० मध्ये भावंडांसह बहुतेक कौटुंबिक व्हिसे थांबवण्यात आले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला, आणि मधल्या काळात लोक रांग सोडून गेले नाहीत. २०१७ मध्ये भावंडांचा वर्ग रद्द करण्याचं विधेयक आलं, ट्रम्प यांनी त्याला पाठिंबा दिला, ते मंजूर झालं नाही. २०१८ मध्ये त्यांच्या सासू-सासऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. ते कुटुंबाच्याच वाटेने आले होते.

वळण नेहमी सुखाचं नसतं. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातून चालत सीमा ओलांडताना गुजरातमधलं चौघांचं एक कुटुंब थंडीने गोठून गेलं. अशा प्रवासाचे पैसे अनेकदा नात्यातूनच उभे राहतात.

१९. मग आज फाईल करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण तिच्यावर आयुष्य बेतू नका. फाईल करण्याचं शुल्क एकदाच, १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाईन ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर. फाईल असल्याने नोकरीच्या वाटेने जाणं अडत नाही. तोटा एकच, प्रश्न १२ मधला. शिक्षण, फ्लॅट, मुलीचं लग्न असे निर्णय 'नंबर येईल तेव्हा' वर ढकलणारी घरं मात्र वाया गेलेली पाहिली आहेत.

आणि बदललेला पत्ता कळवत राहा. २००६ च्या फाईलीवर दादरच्या ज्या चाळीचा पत्ता आहे तिथे आता टॉवर आहे, आणि ईमेल बंद पडलेल्या कंपनीचा. नंबर आल्याचं पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणं ही तुमची जबाबदारी.

२०. नंबर आला आहे, पण आता जावंसं वाटत नाही. नाही म्हटलं तर?

दंड नाही. पण उत्तरच न देणं आणि नाही म्हणणं यात फरक आहे. नॅशनल व्हिसा सेंटरच्या सूचनेनंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर फाईल रद्द होऊ शकते, आणि ती पुन्हा उघडायला तुमच्या हाताबाहेरचं कारण दाखवावं लागतं. विचार करायला वेळ हवा असेल तर निदान संपर्क चालू ठेवा.

'मी नाही जात, मुलांना पाठवतो' असं होत नाही. फाईल तुमच्या नावाची आहे. तुम्ही स्थलांतर केलंत तरच मुलांचा हक्क उभा राहतो. बायको-मुलं मागाहून येऊ शकतात, आधी नाही. आणि मुलांचं वय प्रश्न ९ प्रमाणे मोजलं जातं, तुमच्या सवडीने नाही.

काही जण मधला मार्ग काढतात : मुलाखत देतात (भारतातल्या या मुलाखती प्रामुख्याने मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात होतात), व्हिसाच्या मुदतीत, म्हणजे बहुधा सहा महिन्यांत, सगळे जाऊन ग्रीन कार्ड घेतात, मुलांना तिथे ठेवतात आणि स्वतः री-एंट्री परमिट काढून दोन वर्षांपर्यंत परत येतात. नोकरीची शेवटची वर्षं किंवा आजारी आई असेल तर हे जमू शकतं, परमिटचा अर्ज मात्र तिथे असतानाच करावा लागतो. ठरवायचं ते शुल्क भरण्याआधी ठरवा : माणशी ३२५ डॉलर आणि हमीपत्राचे १२० वेगळे, आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.